हात हुंगणाऱ्या इंदूसिस्टर

इंदूसिस्टर माणसाचं तोंड नंतर पाहायच्या, आधी हात हुंगायच्या. तुमसरच्या त्या दवाखान्यात हा मान सगळ्यांना सारखाच. डॉक्टर असोत की झाडूवाली, माझ्या मंदाच्या खोलीत शिरायचं तर दारात हात पुढे करायचे. बिडी, दातांना लावायचा तंबाखूचा गुडाखू, मासोळी, कशाचाही वास आला की, "धुवा. अजून धुवा." मी सिहोऱ्याचा मास्तर. जन्मभर पोरांची नखं तपासली आणि इथं रोज माझीच तपासली जायची.

मंदा माझी बायको. सन ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला होता. तिथली औषधं चढवून झाली की पुढच्या खेपेपर्यंत ती इथं राहायची. औषधांनंतरच्या या दिवसांत साध्या तापानंही माणूस हातचं जातं, असं सिस्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तेव्हापासून मंदा नुसती शिंकली तरी मी तिचं कपाळ चाचपून पाहायचो.

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की सगळं गाव पाहायला जातं. न गेलेला माणूस कायमचा लक्षात राहतो. एका दुपारी मंदाच्या माहेरची अकरा माणसं तलावातली मासोळी रांधून घेऊन आली. सिस्टरांनी त्यांना बाहेर कडुनिंबाखाली बसवलं आणि खिडकीतून एकेकाला एकच वाक्य बोलू दिलं. थोरल्या मामांनी वाक्य लांबवलं, तर म्हणाल्या, "मामाजी, तुमचा नंबर झाला." मंदा हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच हसली, म्हणून मीही हसून घेतलं.

दात घासायचे नाहीत, हा त्यांचा सगळ्यांत कडक कायदा. मीठपाण्याच्या चुळा भरायच्या, ओल्या कापसानं हिरड्या पुसायच्या, बस. मंदाला ते पटेना. बाभळीच्या काडीनं दात घासल्याशिवाय तोंड पारोसं वाटतं, घास उतरत नाही, असं ती रोज म्हणायची. शेवटी एका सकाळी मला राहवलं नाही. मंदानं आजवर मागितलं तरी काय होतं माझ्याकडे? चांगली कोवळी काडी तोडली, अंगातल्या बंडीत लपवली आणि हात हुंगवून घेऊन आत गेलो.

मंदानं दात घासले आणि घटकाभरात तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ते थांबेचना; या रोगात रक्त लवकर गोठत नाही, म्हणूनच तो कायदा होता. उशी भिजली. मंदा माझ्याकडे नुसती पाहत होती आणि मी, देवाशप्पथ सांगतो, भीतीनं नुसता "सिस्टर, सिस्टर" ओरडत राहिलो.

सिस्टर धावत आल्या. बर्फाच्या पाण्यातली कापडाची घडी त्यांनी बोटांनी हिरडीवर दाबून धरली. तेव्हा नऊ वाजले होते. एक वाजला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत, फक्त घड्या बदलत राहिल्या. मी काडीचं कबूल केलं. आता ही बाई मला फाडून खाणार, असं वाटलं. त्यांनी मला बर्फाचं पाणी बदलून आणायला सांगितलं.

रक्त थांबल्यावर त्या व्हरांड्यात येऊन बसल्या. बोटं आखडली होती. मी म्हणालो, "बाई, रागवा तरी."

"कायले रागावू, गुरुजी? माह्या लहान बहिणीले हाच रोग होता. तिनं आंबा मांगतला. न शिजवलेलं देऊ नये म्हून मी देल्ला नाही, कायदा पाळला. चार दिवसांनी थे गेली. आंबा न खाताच गेली."

मंदा वाचेल का, असं मी विचारलं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"मले नाही मालूम. मले बी रोज भेव लागते," त्या म्हणाल्या. "तिले काय खावासं वाटते थे इचारून या. शिजवता येईल थे मी घरून आणतो."

मी आत गेलो. मंदाला धड बोलता येत नव्हतं. माझा हात धरून हळूहळू म्हणाली, "सिस्टरले काय खावासं वाटते थेच इचारा. सकाळपासून जेवल्या नाहीत त्या."

मी बाहेर येऊन तसंच सांगितलं.

"मले कोणी इचारत नाही, गुरुजी," इंदूसिस्टर म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या.