चंद्राक्काचं झाड आणि दरबाराचं हेल्मेट

एका जंगलात, बाळांनो, चोरून लाकूड तोडायला माणसं शिरली. सिंहाची एकच डरकाळी झाली आणि ती अशी पळाली की चेनसॉ तिथेच राहिली. चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी, दातेरी साखळीची करवत. हसू नका! तिला लाकूड आणि बोट यांतला फरक कळत नाही.

करवतीबरोबर पेट्रोलचा डबा आणि एक खोकंही राहिलं. खोक्यात हेल्मेट, गॉगल, कान झाकायच्या वाट्या, हातमोजे, जाड बूट, कानस, पाना आणि साखळीला घालायचं तेल. सगळं कोरं करकरीत. माणसांनी त्याला कधी हातच लावला नव्हता. सिंहमहाराजांनी सगळा ऐवज जप्त केला आणि दरबारात मांडून ठेवला.

त्याच जंगलात चंद्राक्का नावाची अस्वलीण राहायची. तोंडाने फटकळ, पण पिलांवर भारी जीव. दोन पिलं होती तिला. तिच्या गुहेच्या तोंडावर ऐनाचं एक वाळलेलं झाड झुकलं होतं. जरा वारा सुटला की ते कर्रर्र करायचं. पिलं घोरायची आणि आई टक्क जागी. झाड पडलं तर गुहेचं तोंड बंद, आणि पिलं आत! दुसरीकडे जावं म्हटलं, तर बाकीच्या सगळ्या गुहा दरबाराच्या पाहुण्यांसाठी राखीव होत्या.

चंद्राक्का तडक दरबारात गेली.

"महाराज, करवत द्या. झाड पलीकडच्या माळावर पाडते आणि करवत पुसून परत आणून देते."

"देऊ की," महाराज म्हणाले. "पण अशी कशी देऊ? कार्यक्रम करून देऊ."

मग खोक्यातला सूचनांचा कागद पोपटाने वाचून दाखवला. करवत चालवणाऱ्याने हेल्मेट घालावं. डोळे, कान, हात, पाय झाकावेत. साखळी ताणलेली आहे का ते पाहावं. तेल घालावं. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणीही थांबू नये.

ऐकलं सगळ्यांनी, अगदी माना डोलावून. मग वाटप सुरू झालं.

हेल्मेट महाराजांना. दरबारात पहिला मान कोणाचा? गॉगल राणीसाहेबांना, कारण त्यांना ऊन सोसत नसे. हातमोजे प्रधान कोल्ह्याला, कारण त्याला सगळ्या कामांत हात स्वच्छ ठेवायचे असत. बूट मोराला, कारण स्वतःच्या पायांची त्याला भारी लाज. आणि कानाच्या वाट्या सशाला. ससा हा तक्रारी ऐकून घेणारा अधिकारी होता. वाट्या घातल्यापासून त्याच्याकडे एकही तक्रार आली नाही.

"आणि मला काय?" चंद्राक्काने विचारलं.

"अक्का, तुम्हाला नारळ," प्रधान म्हणाला.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. माळावर मांडव उभा राहिला. करवतीला झेंडूचा जाडजूड हार घातला. समई पेटवायची तर तेल कुठाय? साखळीचं तेल होतंच. ते समईत ओतलं. समई जरा बुटकी वाटली, म्हणून प्रधानाने ती पेट्रोलच्या डब्यावर ठेवली.

"अहो, मेलात की सगळे!" चंद्राक्का ओरडली. तिने समई खाली ठेवली आणि डबा उचलून लांब खडकाआड नेऊन ठेवला. मांडवात कुजबुज झाली. बाईला कार्यक्रमाची रीत म्हणून नाही.

"आता मांडव काढा," ती म्हणाली. "झाड इथेच पडणार आहे."

प्रधानाने कपाळाला हात लावला. "अक्का, समजून घ्या. खुर्च्या मांडून झाल्यात. झाड तुमच्या बाजूला पाडू."

"माझ्या बाजूला माझी पिलं आहेत!"

"मग त्यांना तेवढा वेळ बाहेर बोलवा. गुहा बुजली तर दरबार दुसरी देईल."

"कधी?"

"रिकामी झाली की."

चंद्राक्काचं डोकंच फिरलं. ती गुहेच्या दारात जाऊन फतकल मारून बसली. "बघते कोण पाडतंय माझ्या घरावर झाड!" म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तिने कुणाला दिसू दिलं नाही.

"आम्ही पाडतो!" महाराज गरजले. हेल्मेट त्यांच्याकडेच होतं ना!

पोपट हळूच म्हणाला, "महाराज, दुप्पट अंतरात कोणीही..."

"कोणीही म्हणजे प्रजा. आम्ही प्रमुख पाहुणे आहोत."

प्रजेला लांब हाकललं. प्रमुख पाहुणे झाडाखाली गोळा झाले. नियमात हेल्मेट हवं, गॉगल हवा, वाट्या हव्यात, मोजे हवेत, बूट हवेत. सगळं हजर होतं. फक्त पाच जणांत वाटलेलं होतं.

महाराजांनी दोरी ओढली. घर्रर्र! करवत जागी झाली. हार साखळीत गेला आणि झेंडू राणीसाहेबांच्या तोंडात. आयाळीवर अडकवलेलं हेल्मेट हादऱ्याने घसरून महाराजांच्या डोळ्यांवर आलं. तेलाविना साखळी तापली, धूर निघाला. राणीसाहेब ओरडल्या, "पळाऽऽ!" ससा म्हणाला, "तक्रार लेखी द्या." तेवढ्यात ढिली साखळी खाडकन निसटली. महाराजांनी करवत टाकली आणि जे पळाले ते थेट नदीपलीकडे! मोराने बूट काढले, कारण बुटांत पळता येईना. हेल्मेट, मोजे, गॉगल, वाट्या, सगळं वाटेत गळत गेलं. समईही लवंडता लवंडता विझली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, नशीब त्यांचं.

चंद्राक्का उठली. आधी तिने करवत बंद केली आणि गार होऊ दिली. मग धुळीतून एकेक वस्तू वेचून अंगावर चढवली. साखळीच्या चाकात अडकलेल्या पाकळ्या काढल्या, दात कानशीने घासले, साखळी बसवून पान्याने ताणली. समईत उरलेलं तेल करवतीत घातलं. झाडाच्या शेंड्याला दोर बांधला आणि त्याचं टोक लांब उभ्या असलेल्या गव्यांच्या हाती दिलं. पळायची वाट मोकळी केली. पिलांना गव्यांच्या मागे उभं केलं. मग माळाच्या बाजूने खाच घेतली, मागून काप घेतला.

"ओढा रे!"

झाड मांडवावर धाडकन पडलं. एकूण एक खुर्ची सपाट झाली. गुहेवर एक काटकीसुद्धा पडली नाही. चंद्राक्काने दोन्ही पिलांना पोटाशी घेतलं आणि ती भर दुपारी गाढ झोपली.

चौकशी झाली, ती तर व्हायचीच. अहवाल असा आला की मान्यवरांनी झाडापासून कैकपट सुरक्षित अंतर राखल्यामुळे मोठा अनर्थ टळला. त्याबद्दल महाराजांना सुरक्षेचं सुवर्णपदक देण्यात आलं. चंद्राक्काला नोटीस गेली: मांडवाची नासधूस, आणि महाराजांचं हेल्मेट विनापरवाना घातल्याबद्दल. ती नोटीस घेऊन गेलेला पोपट परत आला, कारण बाई झोपली होती आणि उठवायची त्याची छाती झाली नाही.

तात्पर्य: सुरक्षेची साधनं नेहमी सर्वात आधी पळणाऱ्यांनाच द्यावीत. काम करणाऱ्यापर्यंत ती पोचवण्याचा त्याहून वेगवान मार्ग नाही.