बेपत्ता पाहुणे आणि पिवळी छत्री

"अचूक नाकं जगात दोनच. एक शिकारी कुत्र्याचं, दुसरं माझं. त्यातलं कुत्रं परवा वारलं," घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभे राहून दादा सांगत होते.

जावईबापू ऐकत होते. बायकोचा थोरला भाऊ, सांगता कुणाला? लग्नात बायकोबरोबर त्यांच्या पदरात एक गुप्तहेर पडला होता आणि त्याच्या साहाय्यकाची बिनपगारी नोकरीही.

बायको गाइड होती. परगावच्या पाहुण्यांना शहरातली प्रेक्षणीय स्थळं दाखवायची. आज ती डबा विसरली, म्हणून दोघं तो द्यायला आले होते. ती तिकिटाच्या खिडकीशी हुज्जत घालत होती, म्हणून जावईबापू डबा बसमध्ये ठेवून आले. तेवढ्यात दादांनी बाकावरची पिवळी छत्री उचलली. हातात काहीतरी नाचवल्याशिवाय त्यांना तर्क सुचत नसे. जावईबापूंना वाटलं, घरूनच आणली असेल.

दोघं कोपऱ्यावरून वळले असतील नसतील, तोच बायकोचा फोन आला.

"अहो, माझे पाहुणे गेले. सगळेच्या सगळे. तिकिटं घेऊन वळले, तर कुणीच नाही. मागे एक आजोबा हरवले तेव्हाच मालक म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर घरी बसा. पाचला बस सुटते हो." ती रडकुंडीलाच आली होती.

जावईबापूंनी घाबऱ्या घाबऱ्या दादांना सगळं सांगितलं. दादांचा चेहरा मात्र उजळला.

"अपहरण. आणि ऐकून ठेवा जावईबापू, हे जवळच्याच माणसाचं काम आहे," असं म्हणून त्यांनी छत्री उंच धरली. "चला, वस्तुसंग्रहालय."

तिथल्या पुतळ्यांत पाहुणे दडवलेत, असा त्यांचा पहिला तर्क होता. त्यांनी एका दगडी राजाच्या पोटात छत्री खुपसून पाहिली. राजा दगडीच निघाला आणि रखवालदाराने दोघांना चौकीवर नेलं. तिथून सुटल्यावर दुसरा तर्क निघाला, पाहुणे होडीतून पळवले. म्हणून मोठा पूल झाला. मग कारंज्याखाली भुयार असणार म्हणून कारंजं झालं, आणि दादांचे बूट भिजले.

"दादा, मघापासून काही लोक आपल्या मागे आहेत. टोप्या, काळे चष्मे, गळ्यात कॅमेरे. चौकीबाहेरही उभे होते," जावईबापू हळूच म्हणाले.

"वळून बघू नका. तीच टोळी."

दादा भरभर चालू लागले, टोळीही भरभर चालू लागली. दादा धावले, टोळीही धावली. शेवटी दादा जीव मुठीत धरून मनोऱ्याचा जिना चढले. छत्री अजून वरच होती. माथ्यावर पोहोचल्यावर कळलं की उतरायला तोच जिना आहे, आणि त्यावरून टोळी धापा टाकत येत होती.

सगळ्यांत पुढे एक आजीबाई होत्या. त्यांनी छत्रीचं टोक घट्ट पकडलं.

"थांबा की जरा. राजाच्या पोटात काय होतं ते सांगितलं नाहीत, कारंज्यात का उतरलात तेही नाही. आणि जेवण कधी?"

"तुम्ही कोण?" दादांचा आवाज चिरकला.

"अहो, सहलीतली माणसं. आमच्या बाईंनी सकाळीच बजावलंय, पिवळी छत्री जाईल तिकडे मुकाट्याने जायचं."

जावईबापूंनी खाली वाकून घड्याळ पाहिलं. पाच वाजत आले होते. दादांच्या हातातली छत्री ओढून घेत ते आयुष्यात पहिल्यांदा दादांवर ओरडले, "उतरा."

बसच्या दाराशी मालक उभे होते आणि बायको डोळे पुसत होती. छत्रीमागून एकेक पाहुणा आत चढला. कुणीही कमी नव्हतं.

"कशी झाली सहल?" मालकांनी विचारलं.

"पायांचे तुकडे पडले," आजीबाई म्हणाल्या, "पण ठिकाण एकही सुटलं नाही. वर चौकीसुद्धा पाहिली. बाईंची माणसं फार मेहनती."

मालक खूश होऊन आत गेले. बायकोने नवऱ्याच्या हातातली छत्री घेतली आणि भावाकडे वळली.

"दादा, काखेत कळसा नि गावाला वळसा ऐकलं होतं. तू कळसा उंच धरून माझ्या पाहुण्यांनाही वळसा घालायला लावलास."

दादांनी ओले बूट झटकले, कॉलर नीट केली आणि जावईबापूंकडे समाधानाने पाहिलं.

"म्हटलं होतं की नाही? जवळच्याच माणसाचं काम आहे."