शिशाची लहान रास

"यंदा राज्य स्पर्धेला मी जाणार म्हणजे जाणारच!" स्नेहलने जाहीर केलं. ऐकायला घरात एकटी वेणूआत्या होती आणि ती बोंबलांची डोकी छाटत होती.

"जा की. डबा देऊ का बरोबर?" आत्या म्हणाली.

स्नेहल फिजिक्सची पदवीधर. एअर रायफल उत्तम चालवायची. पण दरवर्षी जिल्हा स्पर्धेत राज्याची पात्रता दोन-तीन गुणांनी हुकायची. प्रशिक्षक धर्मराज सर म्हणत, "बाई, ट्रिगर अलगद दाबायचा असतो. तू काय दार वाजवतेस?" स्नेहलला हे पटत नसे. बोट कसं मोजणार? छर्रा मोजता येतो! शिशाची ती इवलीशी, कंबरेत बारीक टोपी. सगळ्या टोप्या एका वजनाच्या असल्या तर सगळ्या एकाच भोकातून जातील. साधं गणित!

निवडक छर्‍यांचे परदेशी डबे तिला परवडत नव्हते. म्हणून तिने एका कारखान्याचा सेकंडचा माल शोधून काढला. अर्ध्याहून कमी किमतीत!

"मॅडम, डाग आहेत हां मालावर," फोनवरचा माणूस प्रामाणिकपणे म्हणाला. "आणि वजनाची गॅरंटी नाही."

"ती मी देते," स्नेहल म्हणाली.

पार्सल आलं ते एवढंसं खोकं. पण कुरियरवाला पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या तिच्या बिल्डिंगचे चार जिने चढून असा आला होता की आत रोडरोलर घडी घालून ठेवलाय. लिफ्ट अर्थातच बंद होती.

मग सुरू झालं संशोधन. जेवणाच्या टेबलावर सोनाराकडे असतो तसला, बॅटरीवर चालणारा नाजूक वजनकाटा. डोक्यावर पंखा पाचवर, तरी स्नेहलच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकतोय. चिमट्याने एकेक छर्रा उचलायचा, तोलायचा. आकडा बरोबर आला की पिठाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात, चुकला की निळ्या टबात. आठवडाभर घरच्यांनी मांडीवर ताटं घेऊन जेवणं केली. अखेर टब भरला आणि डब्याचा जेमतेम तळ झाकला. पण तो तळ म्हणजे हिऱ्यांचा हार होता!

"आत्या, याला हात लावू नकोस हं."

वेणूआत्याचं नाक फुगलं. ती उरणजवळच्या मोऱ्याची, कोळीवाड्यातली. गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी पनवेलला भावाकडे राहायला आलेली. "आख्खा जन्म मासळी निवडली मी! निवडलेला माल मला कलत नाय काय गो?"

स्पर्धा रविवारी. शनिवारी दुपारी स्नेहल रायफलची तपासणी करून घरी आली आणि दारातच थिजली. निळा टब होता. डबा नव्हता!

"आत्या! डबा कुठंय?"

"कालूराम येऊन घेऊन गेला."

"मोऱ्याचा काळूकाका? कशाला?"

"जालीला शिसं लावायला! नारली पुनव आली तोंडावर. शिशाबिगर जाली पान्यात उभी र्‍हाईल काय?"

"अगं, पण हात लावू नको म्हणाले होते ना मी!"

"मोठ्या राशीला बोट बी नाय लावलं!" आत्या कमालीची दुखावली. "तो बाजाराचा माल. बारकी रास बाजूला काढलीस, ती घरची. खायची ती खायची, वाटायची ती वाटायची. ह्ये काय मला शिकवशील?"

स्नेहललाही हे ठाऊक होतं. धक्क्यावर मासळी निवडताना असंच तर असतं! मोठा ढीग विकायचा, बाजूला काढलेला छोटा घरच्या कालवणाचा. पिढ्यान्‌पिढ्या! कुठल्याही न्यायालयात आत्याच जिंकली असती.

काळूकाका फोन उचलेना. स्नेहलने स्कूटर काढली ती थेट उरणच्या पुढे, मोऱ्याला. वाटेत कंटेनरचे ट्रक, खड्डे, आणि मनात एकच जप: वितळवलं नसेल, वितळवलं नसेल...

काका अंगणात चुलीपुढे बसला होता. हातात लांब दांड्याची कढई आणि कढईत काहीतरी चांदीसारखं चमकतंय.

"ये गो स्नेहल! काय शिसं दिलंस! लोन्यासारखं वितळलं!"

"सगळं?" तिने कढईत डोकावून विचारलं.

"मंग? अर्धं कच्चं ठेवू? आन् मी एकट्यानं नाय घेतलं हां. आख्ख्या आळीत वाटलं. तुझ्या नावानं!"

आता भांडायचीही सोय उरली नाही. कारण तेवढ्यात शेजारची गोदूकाकू आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. पाठोपाठ आळीतल्या बाया. स्नेहलच्या कपाळाला कुंकू लागलं, हातात नारळ आला. "शिकून पोरगी आमाला इसरली नाय!" म्हणत गोदूकाकूने डोळे पुसले. स्नेहलचेही डोळे भरून आले होते. कारण वेगळं होतं.

"काका," ती कशीबशी म्हणाली, "एकही उरला नाही का रे?"

काकाने खिसे चाचपले. एका खिशातून विडीचं बंडल निघालं आणि दुसऱ्यातून एक छर्रा. "नातवाला दाखवायला ठेवला व्हता. घे."

"स्पर्धेत साठ लागतात, काका."

"अरे द्येवा!" काका विचारात पडला. मग त्याने अंगठ्याएवढे दोन ताजे, गरम शिशाचे गोळे पुढे केले. "मंग ह्ये घे. ह्ये बसलं तर एकातच काम तमाम!"

रविवारी स्नेहल रेंजवर उभी राहिली ती निळ्या टबातल्या बाद छर्‍यांसह. राज्य स्पर्धा गेली, हे ठरलेलंच होतं. त्यामुळे धडधड नाही, घाम नाही. डागाळलेला छर्रा भरायचा, दाबायचं, पुढचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी वाढतो तसं. पडद्यावर दहा. पुन्हा दहा. नऊ. दहा, दहा, दहा! तिला वाटलं पडदा बिघडलाय. शेजारच्या लेनमधली स्पर्धक रिया आपली नेमबाजी सोडून तिच्याकडे बघायला लागली!

शेवटच्या नेमासाठी तिने खिशातून तो एकुलता एक निवडलेला छर्रा काढला. हा तरी वाया जाऊ द्यायचा नाही! श्वास रोखला. छाती धाडधाड करायला लागली. घामेजलेलं बोट ट्रिगरवर गेलं...

सात!

तरीही पात्रता मिळाली. एका गुणाने, पण मिळाली! धर्मराज सर धावत आले. "अगं, पहिले एकोणसाठ कुठले छर्रे होते?"

"बाद केलेले, सर."

"आणि शेवटचा?"

"निवडलेला."

सरांनी मुठीने हवेत ठक्‌ठक् करून दार वाजवून दाखवलं आणि निघून गेले.

घरी वेणूआत्याने पेढा तोंडात टाकत निकाल दिला, "बघ! बाजाराचा माल बाजारात चालला. उगा बोंबलत व्हतीस."

पण विज्ञान असं हार मानत नाही. राज्य स्पर्धेसाठी उरलेल्या टबातून नव्याने निवड करायची, असं ठरवून स्नेहल दुसऱ्याच दिवशी टेबलाशी बसली. एक छर्रा नव्या डब्यात, चार टबात. एक डब्यात, पाच टबात. आणि लाइट गेली.

पंखा गरगरत मंदावला, थांबला. बॅटरीवरचा वजनकाटा मात्र चालू होता, आणि त्यावरचा छर्रा आत्ताच नापास झाला होता. त्याचा आकडा हळूहळू सरकला आणि बरोबर जागेवर येऊन थांबला.

स्नेहल बघतच राहिली. तिने टबातला दुसरा उचलला. बरोबर! तिसरा. बरोबर! ओंजळभर छर्रे तोलले. सगळे एकाच आईची लेकरं. तिने मान वर करून पंख्याच्या त्या तीन पात्यांकडे पाहिलं. आठवडाभर ती छर्रे तोलतच नव्हती. वारा तोलत होती!

फिजिक्स! पदवी! विशेष प्रावीण्यासह!

तिने गुपचूप डबा उचलला आणि टबात उपडा केला. खळ्ळकन आवाज झाला तशी आत्या स्वयंपाकघरातून लंगडत धावत आली.

"अगो, काय ह्ये! निवडलेला माल परत मिसळलास?"

"मिसळलेलाच होता, आत्या," स्नेहल म्हणाली आणि आईबाबा यायच्या आत वजनकाटा खोक्यात भरून टाकला.