पाणी पिणारं अंगण

रविवारी सकाळी अंगणाला पाणी पिताना दाखवतो, असं मास्तरांनी जिन्यात भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. विज्ञान शिकवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर सगळी इमारतच त्यांचा वर्ग झाली होती. अंगणातलं सिमेंट उखडून तिथे फटी ठेवून विटा बसवायच्या, म्हणजे उन्हाळ्यात अंगण तव्यासारखं तापणार नाही आणि पावसाचं पाणी फटींतून जमिनीत मुरेल, हे त्यांनी सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंच्या गळी उतरवलं होतं.

बाईंनी अट मात्र घातली. तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या मावशींच्या खोलीत दरवर्षी पाणी शिरायचं. रविवारच्या परीक्षेत त्यांच्या उंबऱ्याआत थेंब जरी गेला, तर सोमवारी परत सिमेंट.

मावशींनी शिवायला आलेले सगळे कपडे पलंगावर रचले. "मास्तर, विश्वास आहे हो तुमच्यावर," त्या म्हणाल्या, "पण कपडे लोकांचे आहेत."

रविवारी मुलं पुढे बसली, मोठी माणसं मागे. मास्तरांनी टाकीचा जाड पाइप सोडला. "बघा आता, कसं घटाघटा पितं ते."

अंगणाने तोंडच उघडलं नाही.

पाणी तुंबलं, पसरलं आणि उताराने मावशींच्या दाराकडे निघालं, माहेरी निघाल्यासारखं लगबगीनं. मास्तरांनी वाकून पाहिलं, तर विटांमध्ये एकही फट दिसेना!

तेवढ्यात विटांचं काम घेतलेला गवंडी छाती फुगवून पुढे आला. त्याच्या माणसांनी म्हणे काम कच्चंच सोडलं होतं, बोट जाईल एवढ्या फटी ठेवल्या होत्या. मास्तरांची चारचौघांत शोभा नको, म्हणून काल मास्तर घरात तक्ते रंगवत असताना त्याने एकेक फट सिमेंटने लिंपली होती. तेही आपणहून.

मास्तरांनी धावत जाऊन पाइप बंद केला, पण निघालेलं पाणी कोणाचं ऐकतं? मावशींनी उंबऱ्यावर फडकी अंथरली. अध्यक्षीणबाईंनी सिमेंटवाल्याला लावायला फोन काढला.

उंबरा वीतभर राहिला आणि पाणी थबकलं. गुडगुड आवाज झाला, बुडबुडे आले, आणि बघता बघता अख्खं तळं जमिनीत गडप झालं. मावशींची फडकी कोरडी ठणठणीत. मुलांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी फोन पिशवीत टाकला. "मानलं, मास्तर. अंगण असंच राहू दे."

मास्तर पाइप गुंडाळून पायरीवर बसले.

एकटा गवंडी मान खाली घालून उभा होता. "माफ करा, मास्तर. दारापुढच्या विटांच्या त्या चार ओळी लिंपायच्या राहिल्याच माझ्याकडून. मावशींकडे गिऱ्हाईक आलेलं, त्यांनी हाकललं मला. उद्या सकाळीच येऊन बुजवतो."

मास्तरांनी त्याला हाताला धरून मुलांच्या रांगेत बसवलं आणि धडा पहिल्यापासून सुरू केला.

थोड्या वेळाने अध्यक्षीणबाईही पदर सावरून त्याच्या शेजारी येऊन टेकल्या. "सावकाश सांगा," त्या हळूच म्हणाल्या, "मला तरी कुठे कळलंय?"