साळूची मिठाची खाण आणि चार खुंट

मांडी घालून बसा आणि चुळबूळ बंद करा. एका जंगलात, आणि कुठल्या ते मला विचारू नका, साळू नावाची एक साळिंदरीण राहत होती. सात वर्षं स्वतःच्या नखांनी खणून तिने एक ऐसपैस बीळ केलं होतं.

एकदा खणता खणता बिळाच्या तळाशी मिठाचा खडक लागला. मीठ! मीठ चाटायला तिथली हरणं तीन डोंगर ओलांडून जात. साळूने आनंदाने गिरकी घेतली आणि स्वतःचेच काटे भिंतीत रुतवून घेतले.

राजाचा कायदा सोपा होता. खाण सापडली, की चार कोपऱ्यांवर छातीएवढे उंच चार खुंट रोवायचे आणि महिन्याच्या आत कचेरीत नोंद करायची. नाही झाली, तर जागा दुसऱ्याची. वरच्या बिळासकट.

साळू धावत कचेरीत गेली. तिथे भाऊसाहेब होते. भाऊसाहेब म्हणजे कासव.

"कुणाच्या छातीएवढे हो, भाऊसाहेब?"

"राजेसाहेबांच्या."

साळू पडली सरळमार्गी. पांगाऱ्याच्या चार ताज्या, सरळसोट फांद्या तोडून तिने खोल रोवल्या आणि माती घट्ट दाबली. त्याच दिवशी अर्जही दिला.

"पाहणीशिवाय नोंद नाही," भाऊसाहेब म्हणाले आणि लगेच निघाले. बीळ हाकेच्या अंतरावर होतं. एकोणतिसाव्या दिवशी ते पोहोचले. सोबत गप्पा मारायला कोल्हा होता.

दिवस पावसाचे होते. फांद्यांनी मुळं धरली होती, पानं फुटली होती.

"खुंट कुठे आहेत?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"हे काय समोर!"

"ही झाडं आहेत, बाई. झाडं सरकारी. खुंट वाळका लागतो."

"अहो, मीच रोवलेत! आत्ता वाळके रोवते!"

"रोवा की. नवा अर्ज द्या. मी कचेरीत जाऊन परत येतो."

मुदत उद्या संपत होती. साळूला रडू कोसळलं. तुम्ही म्हणाल, एवढे काटे होते, टोचले का नाहीत? अरे गाढवांनो, काटे अर्जाला जोडता येत नाहीत!

कोल्ह्याने काखेतून चार वाळक्या काटक्या काढल्या आणि झाडांच्या बुंध्याशी खोचल्या.

"या छातीएवढ्या आहेत होय?" साळू ओरडली.

"राजेसाहेब सध्या झोपलेत," भाऊसाहेब म्हणाले. "आडवी छाती एवढीच भरते. आणि पाहणीला मी इथेच आहे."

नोंद जागच्या जागी झाली. खाण कोल्ह्याची झाली, बीळही.

पण कोल्ह्याला खणता कुठे येतं? त्याने कामाला माणूस शोधला. जंगलात खणण्यात हुशार एकच होती. तिसऱ्या दिवशी साळू आपल्याच दाराशी उभी राहिली.

"नाव?" कोल्ह्याने विचारलं.

"साळू."

"आत कशाला जायचंय?"

साळूने आतल्या अंधारात डोकावून पाहिलं.

"झोपायला," ती म्हणाली.

"कामाच्या वेळेत झोप नाही," कोल्हा म्हणाला आणि तिच्या हातात घमेलं दिलं.

तात्पर्य: कष्टाचं फळ मिळतंच मिळतं. कुणाला, ते कचेरीच्या फळ्यावर लावलेलं असतं.