आमेन नसलेली बारी

सालोमीआत्याच्या घरी चहा फुकट मिळत नाही. आधी एक उपकार द्यावा लागतो.

म्हणजे देवाने आज आपलं काय भलं केलं ते एका वाक्यात सांगायचं. ते ताजं हवं. काल सांगितलेलं आज चालत नाही. आत्या पदर खोचून दारात उभी राहते आणि "काढा उपकार" म्हणते, जसं एखादा कंडक्टर तिकीट मागतो तसं. मनासारखा उपकार मिळाला की तिचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "आमेन. साखर किती?"

गॅसची टाकी घेऊन येणारा गणेश पहिल्यांदा फसला तेव्हा मी ओट्यावर होतो.

"मी कुनाचे मानू, आत्या?" तो म्हणाला. "मी तर आमच्या म्हसोबाचा."

"देनाऱ्याचे मान. त्याचं नाव त्याला ठाऊक हाय."

गणेशने डोकं खाजवलं. "आज टाकी उचलताना कंबर धरली न्हाई."

"आमेन. साखर किती?"

पुढच्या खेपेला त्याने पुन्हा कंबरच काढली. "ती मागल्या टाकीला झाली," आत्या म्हणाली. मग त्याने घाईघाईने बिबट्या काढला: रात्री बिबट्या त्यांच्या वस्तीवरून गेला, पण शेळी नेली ती पलीकडच्या वस्तीवरची. आत्याचा चेहरा असा झाला की मलाच वाटलं, आता टाकी परत जाते. "दुसऱ्याची शेळी गेली त्याचा कसला उपकार रं? जा, पानी पिऊन जा." तेव्हापासून गणेश रस्त्यानेच विचार करत येतो. मला एकदा म्हणाला, "सर, लई डोकं लागतं ह्या घरला."

मी स्वतः आत्याला सांगून ठेवलं होतं की मी चहा सोडला आहे. ते खरं नव्हतं. पण मी हायस्कुलात ग्रंथपाल होतो, आयुष्यभर लोकांना शांत बसा म्हणत आलो. दारात उभं राहून देवाचे मोठ्याने आभार मानणं मला जमण्यासारखं नव्हतं. तसे आम्ही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. रविवारी उपासनेला जातो, कोणी देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायला उभं राहिलं की मी चपलांकडे बघतो.

आमच्या खोल्या देवळाली प्रवरेच्या बाहेर आहेत. मिशनच्या काळातली बैठी रांग, मागे लगेच ऊस. आत्याची आणि माझी भिंत एकच, आणि तीही एका विटेची. तिच्याकडे भांडं पडलं तर माझ्याकडे आवाज होतो. अंधार पडायच्या आत सगळे दारं लावून घेतात, कारण उसात काहीतरी सळसळतं आणि तो दर वेळी वाराच असतो असं नाही. कारखाना चालू असला की मळीचा गोडसर कुबट वास उंबऱ्यापर्यंत येतो. त्या वेळी, दिवेलागणीला, आत्याच्या घरी प्रार्थना सुरू होते.

जुन्या घरांत असते तशीच ही कौटुंबिक प्रार्थना. गोल बसायचं, एक गीत म्हणायचं, मग सर्वांत लहानापासून मोठ्यापर्यंत बारी फिरते. आपली बारी आली की एक उपकार मानायचा आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आत्याच्या सासरी हा नियम तिच्या सासूने घातला. तेव्हा घर भरलेलं होतं. आता आत्या एकटी आहे. नवरा भास्करराव गेले, धाकटा दीर रूबेन गेला, सासू तर कधीचीच गेली. मूलबाळ नाही.

पण बारी फिरतेच.

माझी बायको सुनीता रोज संध्याकाळी आत्याच्या प्रार्थनेला जायची. परतली की सांगायची, "आज आत्यांनी रूबेनभावजींना झापलं." मी पुस्तकातून मान वर न करता हसायचो. मला वाटायचं, ती गंमत करते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सुनीता गेली. त्यानंतर मी संध्याकाळी पुस्तक घेऊन भिंतीजवळच्या खुर्चीत बसू लागलो, आणि पहिल्यांदाच नीट ऐकलं.

आधी आत्याचं गीत, फाटक्या आवाजात, पण सुराला घट्ट धरून. मग शांतता. ही शांतता रिकाम्या खोलीची नसते. आपण बोलणाऱ्याकडे बघत गप्प बसलो की जशी होते, तशी असते. मग आत्याचा आवाज: "रूबेन, थोडक्यात. लोकांना जेवायचं हाय." पुन्हा शांतता. "आमेन." मग थोडं थांबून, जरा लाजल्यासारखं, "आमेन, आमेन. पुरे." हे भास्कररावांना असावं. आणि शेवटी मोठ्याने, "बाय, जोरात बोला, ऐकू येत न्हाई," हे सासूला.

पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी, रूबेनच्याही आधी, आत्या म्हणाली, "सुनीता, कढीपत्ता काल झाला."

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

आमच्या न्हाणीघरामागे कढीपत्त्याचं झाड आहे. सुनीताने लावलेलं. दोनदा वाळलं, दोनदा फुटलं. ती त्याच्याशी बोलायची, हे मला माहीत होतं. त्याबद्दल ती देवाचे आभार मानत होती, हे मला माहीत नव्हतं. भिंतीपलीकडे शांतता झाली. मी श्वास धरून बसलो. मग आत्या म्हणाली, "आमेन." तिच्या स्वरावरून वाटलं, सुनीताने दुसरं काहीतरी सांगितलं असावं.

तेव्हापासून मी रोज ऐकू लागलो. नकोसं वाटायचं, पण खुर्ची तिथून हलवत नव्हतो. आणि थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की एक शांतता जास्तीची आहे.

ती सुनीताच्या लगेच नंतर यायची, रूबेनच्या आधी. सगळ्यांत लांब. तिथे आत्या कोणाला झापायची नाही, कोणाचं नाव घ्यायची नाही. नुसती थांबायची. ऊस सळसळायचा, लांब कुठेतरी कुत्री भुंकायची, आणि मला भिंतीच्या पलीकडे कोणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. मग ती शांतता तशीच संपायची आणि बारी रूबेनकडे जायची. त्या बारीला आमेन नव्हतं.

सगळ्या मेलेल्यांना ती आमेन म्हणत होती. या एकाला नाही. तो कोण, हा विचार मी अंथरुणावर पडूनही करू लागलो.

ही गोष्ट माझ्या एकट्यापुरती राहिली नाही. नळावर येणाऱ्या कोणीतरी खिडकीतून ऐकलं, आणि चर्चच्या मंडळीच्या पंचांपर्यंत गेलं की सालोमीबाई मेलेल्यांशी बोलतात. कापणीचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी लोक उसाच्या मोळ्या, डाळिंबं, बाजरी, एखादी पाय बांधलेली कोंबडी देवासमोर आणून ठेवतात, आणि मग उपकारस्तुतीची प्रार्थना होते. कित्येक वर्षं ती प्रार्थना आत्याच करत आली आहे. वर्षातून तेवढा एक दिवस सगळी मंडळी तिच्याबरोबर आमेन म्हणते. पंचांचं म्हणणं पडलं, मृतांना बोलावणाऱ्या बाईने ती करू नये.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब तरुण आहेत आणि भिडस्त. मोटारसायकल माझ्या दाराशी लावून म्हणाले, "सर, तुमची भिंत एक आहे. चला माझ्याबरोबर. तिला आवाज ऐकू येतात का, एवढंच मला विचारायचंय. येत असतील तर मग माझा नाइलाज आहे."

आम्ही दिवेलागणीला गेलो. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, सगळ्या पुसलेल्या. पाळकसाहेब पहिल्या दिसलेल्या खुर्चीत बसले.

"उठा, उठा," आत्या म्हणाली. "ती बायची हाय."

ते तसेच उठले आणि शेजारच्या खुर्चीकडे वळले. "ती रूबेनची." ते मध्येच अवघडून उभे राहिले. शेवटी आत्याने त्यांना धान्याच्या कोठीवर बसवलं. मी त्यांच्या शेजारी, दाराजवळच्या स्टुलावर टेकलो.

"काढा उपकार, पाळकसाहेब."

"उत्तम आरोग्याबद्दल मी प्रभूचे..."

"आरोग्य तर तुमी दर रविवारी काढता. ताजं काढा."

पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं. "येताना गाडी... पंक्चर झाली नाही."

"आमेन. साखर किती?"

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी चहा सोडलेला माणूस.

चहा झाल्यावर गीत झालं आणि बारी फिरू लागली. भिंतीपलीकडून ऐकणं वेगळं. इथे आत्या प्रत्येक खुर्चीकडे वळून, हात मांडीवर ठेवून, मान जराशी कलती करून बसत होती. पाळकसाहेबांचे डोळे मिटलेले असायला हवे होते. ते उघडे होते. "कढीपत्ता नको, सुनीता, दुसरं काढ." शांतता. "आमेन." खुर्चीच्या पाठीवर सुनीताची जुनी शाल होती, उपासनेला न्यायची ती.

मग ती लांब शांतता आली. आत्या सुनीताच्या शेजारच्या खुर्चीकडे वळली. ती खुर्ची दोन्ही खोल्यांमधल्या भिंतीला टेकवलेली होती. आत्या तिच्याकडे पाहत नव्हती, तिच्यामागच्या भिंतीकडे पाहत होती. कान देऊन. कौलावर काहीतरी सरकलं. पाळकसाहेबांनी माझा दंड धरला. त्यांचा हात गार होता, की माझाच दंड, मला आता सांगता येणार नाही.

आमेन झालं नाही. "रूबेन, थोडक्यात," आत्या म्हणाली.

बारी पुरी झाली तेव्हा पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "आत्या, स्पष्ट विचारतो. यांचे आवाज तुम्हाला ऐकू येतात?"

"कुनाचे?"

"गेलेल्यांचे."

"न्हाई." आत्या चकित झाल्यासारखी दिसली. "कसे येतील? ते गेलेत की."

"मग तुम्ही रूबेनना थोडक्यात बोला म्हणता..."

"तो कदी थोडक्यात बोललाय? सुनीता रोज कढीपत्ताच म्हनायची. मानूस इतकी वर्सं तेच बोलत असंल तर ऐकू यायला कशाला पायजे?" ती खुर्च्यांकडे पाहत राहिली. "मी फक्त थांबते, साहेब. ज्याची त्याची बारी त्याला देते. आधीपासून थांबायची सवय. एकदम माज्यावरच बारी आली, तर लई लवकर उरकतं वो. दिवा लावला का उरकलंच. मग पुडली सगळी रात."

 पाळकसाहेबांनी माझा दंड सोडला.

मला मात्र राहवलं नाही. "आणि ती सुनीताच्या नंतरची?" मी विचारलं. "भिंतीकडची. तिला तुम्ही आमेन म्हणत नाही. ती कोणाची?"

"ती? ती तुमची."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आत्या, मी जिवंत आहे."

"हाय का?" ती म्हणाली. "मग बोलत का न्हाई?"

पाळकसाहेबांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. आत्या हसली नाही. "सुनीता पयल्या दिवसापास्नं म्हनायची, आत्या, ह्यांची बारी माज्या मागनं धरून ठेवा, येतील ते. म्हनून धरली. ती व्हती तवा दोघी थांबायचो. आता मी थांबते. पलीकडं खुर्ची वाजते, मला कळतं तुमी बसलाय. वाचनाऱ्याचं पान उलटतं, सर. तुमचं पान उलटत न्हाई. म्हनलं, आज बोलतील, उद्या बोलतील. बोललंच न्हाई कुनी, तर आमेन कशाला म्हनू?"

इतकी वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे होतो. मी मान वर न करता हसत होतो तेव्हाही, पलीकडे दोन बायका माझ्यासाठी गप्प बसत होत्या.

पाळकसाहेब उठले. हातात हेल्मेट घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "आत्या, सणाची प्रार्थना तुमचीच आहे. पंचांना मी सांगतो." मग जरा घुटमळून, "बायच्या खुर्चीत बसलो त्याची माफी." मोटारसायकलचा आवाज उसाच्या कडेने लांब गेला.

मीही उठलो, पण दाराकडे गेलो नाही. भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसलो. ती खूप दिवस कोणी न बसलेल्या खुर्चीसारखी करकरली. आत्या समोर होती, हात मांडीवर, मान कलती. ती थांबली. मला काही सुचेना. सुनीता गेल्यापासून मला आभार मानण्यासारखं काहीही दिसलं नव्हतं, आणि खोटं बोलायचं नव्हतं. ऊस सळसळत होता. आत्याला घाई नव्हती.

"कढीपत्त्याबद्दल," मी म्हणालो. "पुन्हा फुटलाय."

हे चालणार नव्हतं, ते मला कळत होतं. तो तिथे हजारदा मानून झाला होता, त्याच संध्याकाळी नाकारून झाला होता. मी आत्याच्या बोलण्याची वाट पाहिली.

"आमेन," आत्या म्हणाली.

ती उठून शेगडीकडे गेली. भांडं घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मग पदर डोळ्यांना लावून, मागे न वळता, तिने विचारलं, "साखर किती?"