वुल्चोच्या स्वयंपाकघरातला उजेड

"तुमच्या घरात एकाच वेळी काय काय चालू असतं?" असं वायरमनने नुसतं विचारलं आणि ल्युबेन आणि त्याची बायको त्सोन्का यांच्यात जुंपली.

वायरमनचं नाव ओग्न्यान. तो खालच्या शहरातून वर डोंगरात आला होता, कारण ल्युबेनला छतावर सौर पॅनेल बसवायची होती. गोर्ना ब्रेझा गावात हिवाळा लागला की लाइट जायची, आणि हिवाळा संपला तरी ती परत यायला कंटाळा करायची. ल्युबेनने चाळीस वर्षं या घाटात बस चालवली होती. वेळापत्रक न पाळणारी गोष्ट त्याला सहनच होत नसे, मग ती वीज का असेना.

आधी त्याने साधी यंत्रणा मागितली होती. नुसती पॅनेल, बॅटरी नको.

"मग लाइनची लाइट गेली की तुमचीही जाणार," ओग्न्यान म्हणाला.

"भर दुपारी? डोक्यावर सूर्य असताना?"

"सूर्य असताना. पॅनेलची वीज उलटी लाइनवर गेली, तर खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसेल ना! म्हणून ती आपणहून बंद पडते. तुम्हाला हायब्रिड इन्व्हर्टर पाहिजे. लाइन गेली की तो स्वतःला तिच्यापासून तोडून घेतो आणि बॅटरीवर घर चालवतो. पण सगळं घर नाही हां. नेमक्या कशाकशाला पुरवायची, ते आत्ताच ठरवा."

ते ठरवण्यावरूनच जुंपली होती. ल्युबेनला टीव्ही आणि लाकडं कापायची करवत पाहिजे होती. त्सोन्काला फ्रीज आणि तिची उबवणपेटी. त्या पेटीत ती काळ्या पिसांच्या जुन्या गावठी कोंबड्यांची पिल्लं काढायची, आणि तीन गावांतल्या बायका तिच्याकडे वर्षभर आधी नाव लावून ठेवायच्या.

"बर्फात अडकलास तर करवत लागणारे का तुला? काय कापणार, थंडी?" त्सोन्का म्हणाली.

"आणि तुझ्या अंड्यांना टीव्ही नको का? बिचारी एकवीस दिवस अंधारात बसतात."

करवतीचा लोड फार येतो म्हणून ओग्न्यानने ती यादीतून काढली आणि भांडण एका बाजूने मिटवलं. मग तो कोठीच्या खोलीतल्या जुन्या बोर्डापाशी गेला. ल्युबेनच्या वडिलांनी हाताने बसवलेला बोर्ड होता तो. कुठल्या फ्यूजचं काय, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. तेव्हा ओग्न्यान एकेक फ्यूज काढायचा आणि त्सोन्का घरभर फिरून ओरडायची, "स्वयंपाकघर गेलं! आलं! झोपायची खोली गेली!"

पाचवा फ्यूज काढला तेव्हा ती काहीच ओरडली नाही. घरात सगळं चालूच होतं.

"हा कशाचा?" ओग्न्यानने विचारलं.

ल्युबेनला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणायची त्याला सवय नव्हती.

"तळघराचा. ठेव चालू. माझ्या दारूचे बुधले आहेत तिथे."

ओग्न्यानने पाचवी वायरही बॅटरीच्या बाजूला जोडली. तळघरात बल्ब कधी लावलेलाच नव्हता, हे त्सोन्काच्या लक्षात आलं, पण तोवर ओग्न्यानची गाडी घाटाखाली उतरली होती.

आता ल्युबेनच्या भिंतीपलीकडच्या माणसाबद्दल सांगायला हवं. ते घर मुळात एकच होतं. वडिलांच्या पश्चात मधोमध भिंत घालून त्याचे दोन भाग झाले. पलीकडे ल्युबेनचा थोरला भाऊ वुल्चो एकटाच राहायचा. गावच्या छोट्या चर्चची किल्ली, घंटा आणि झाडलोट त्याच्याकडे होती. धर्मगुरू महिन्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस देवाची बाजू वुल्चोच सांभाळायचा.

नऊ वर्षांपूर्वी वुल्चो शहरातून मेणबत्त्यांचं खोकं घेऊन बसस्टॉपकडे पळत येत होता. वीस पावलं उरली होती. ल्युबेनने त्याला आरशात पाहिलं, घड्याळात पाहिलं, आणि बस सोडली. "वेळ झाली होती," एवढंच त्याचं म्हणणं. वुल्चो चौदा किलोमीटर चालत वर आला आणि तेव्हापासून भावाशी एक शब्द बोलला नाही. मध्ये वुल्चोची बायको निवेना वारली. तेव्हा ल्युबेन दारापर्यंत गेला, टोपी हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि परतला. त्सोन्का तेवढी जायची-यायची.

मार्चमध्ये एका सकाळी ओला, जड बर्फ पडला आणि घाटातले तीन खांब आडवे झाले. दहा वाजता लाइट गेली. ल्युबेनच्या घरात मात्र फ्रीजची घरघर एका क्षणापुरतीही थांबली नाही. कोठीतल्या इन्व्हर्टरच्या पांढऱ्या खोक्यात एक बारीक "टक" झालं, तेवढंच. ल्युबेन खिडकीशी उभा राहून अंधारलेलं गाव बघत होता आणि त्याला आपण बस नाही, जहाजच चालवतोय असं वाटत होतं.

"मोबाइलमध्ये बघ, त्सोन्का. खोक्याची बॅटरी ब्याण्णव टक्के! तुझी अंडी, फ्रीज, टीव्ही, सगळं धरून अडीच दिवस चालेल."

"पॅनेलवर बर्फ साचलाय ना पण?"

"म्हणूनच अडीच दिवस म्हटलं. ऊन असतं तर जन्मभर म्हटलं असतं."

उबवणपेटीत शहाण्णव अंडी होती आणि दुसऱ्याच दिवशी पिल्लं फुटायची होती. दोन-चार अंड्यांना आतून चोची लागायला सुरुवातही झाली होती. त्सोन्का पेटीच्या काचेला नाक लावून बसली.

आणि चर्चची घंटा वाजली.

ना रविवार, ना सण. घंटा थांबेचना. ल्युबेनने खिडकी उघडली, तर सगळं गाव बर्फ तुडवत वुल्चोच्या दाराशी चाललेलं. सगळं गाव म्हणजे एकतीस माणसं. सर्वांत पुढे केरामावशी, हातात पातेल्याएवढा गोल ट्रे.

"काय झालं, मावशी?" ल्युबेनने ओरडून विचारलं.

"चमत्कार!" केरामावशी थांबलीच नाही. "वुल्चोनेच घंटा वाजवून सांगितलं! त्याच्याकडे देवापुढचा विजेचा लाल दिवा जळतोय! खांब पडलेत, वायर रस्त्यावर लोळतेय आणि दिवा जळतोय! त्याच्या अख्ख्या स्वयंपाकघरात उजेड आहे!"

"माझ्याकडेही आहे की!"

"तुझ्याकडे खोकं आहे. त्याच्याकडे काय आहे? श्रद्धा!"

खालच्या आळीचा एक जण म्हणाला, "भिंत एकच आहे, ल्युबेनकडूनच येत असेल वीज." त्यावर सगळे हसले. केरामावशीने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. "हा माणूस नऊ वर्षं भावाला चिमूटभर मीठ देत नाही आणि वीज देईल? डोकं आहे का तुला?" हा मुद्दा बिनतोड होता. ल्युबेनलासुद्धा तो पटला. त्याने खिडकी लावून घेतली.

मोबाइलवर ब्याऐंशी टक्के दिसत होते.

तो कोठीत गेला आणि बोर्डाकडे बघत राहिला. मग एकेक फ्यूज त्याने बोटाने मोजला. पाचव्यावर बोट थांबलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"त्सोन्का... तळघर."

"तळघराचं काय?"

"ते तळघर नाहीये."

भिंतीपलीकडे लोक चमत्कार तपासून बघत होते. आधी कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावला. लागला. मग पंधरा जणांनी लावले. मग पाण्याची विजेची किटली लावली. मग थंडीने गारठलेल्यांसाठी वुल्चोचा हीटर. आणि केरामावशीच्या ट्रेमध्ये चीज घातलेली, पापुद्र्यांची कच्ची बानित्सा होती. लाइट गेली तेव्हा ती तिच्या ओव्हनमध्ये नुकतीच गेली होती. ती आता वुल्चोच्या ओव्हनमध्ये गेली. प्रत्येक वस्तू चालली की पलीकडून "अहाहा!" असा गजर यायचा आणि अलीकडे आकडा खाली यायचा. चौऱ्याहत्तर. सहासष्ट. अठ्ठावन्न.

"वीसवर आलं की खोकं सगळंच बंद करतं," ल्युबेन म्हणाला. "अंडीसुद्धा."

"मग बघत काय बसलायस? काढ तो फ्यूज!"

ल्युबेनने फ्यूजवर हात ठेवला. तेवढ्यात पलीकडचा गलका शांत झाला आणि वुल्चोचा आवाज भिंतीतून स्पष्ट ऐकू आला.

"हा दिवा निवेनाने लावला होता. ती गेली त्या दिवसापासून मी तो विझवला नाही. लाइट जायची तेव्हा मेणबत्ती लावायचो, पण ते तसं नाही वाटत. आज सकाळी अंधार झाला तेव्हा मी मेणबत्ती शोधायला वळलो... आणि बघतो तर हा जळतोय. जणू ती म्हणतेय, बस, शोधू नकोस."

ल्युबेनचा हात फ्यूजवर तसाच होता. त्सोन्काने पुढे येऊन एकेक बोट सोडवत तो हात खाली घेतला.

"अंडी?" ल्युबेनने हळूच विचारलं.

"छतावर चढ आणि बर्फ झाड. ढग फाटायला लागलेत."

"मोठी शिडी दादाच्या अंगणात आहे."

"मग माग."

मोबाइल पंचेचाळीस म्हणत होता. ल्युबेनने टोपी घातली, बाहेर पडला, बारा पावलं चालला आणि नऊ वर्षांनी भावाच्या स्वयंपाकघरात शिरला. तिथे उजेड होता, ऊब होती, भाजल्या लोण्याचा वास होता. एकतीस माणसं त्याच्याकडे बघायला लागली. कोपऱ्यात तो लाल दिवा जळत होता. जन्मभर बटण दाबलं की दिवा लागतो हे त्याने पाहिलं होतं. पण बर्फाखाली दबलेल्या गावात, अंधारात बसलेल्या एवढ्या माणसांच्या चेहऱ्यांवर त्याचा उजेड कसा पडतो, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "शिडी पाहिजे."

वुल्चोने हातातली किटली खाली ठेवली. "कशाला?"

"पॅनेलवरचा बर्फ काढायचाय. नाही काढला तर दिवा विझेल."

"कुठला दिवा?"

"हा. निवेनावहिनीचा."

मग ल्युबेनने सगळं सांगितलं. पाचवा फ्यूज, वडिलांचा बोर्ड, घर एक असतानाची वायर, तळघराची थाप, शहाण्णव अंडी. तो बोलत असताना एकेक हात चोरून पुढे झाला आणि एकेक मोबाइल चार्जरवरून निघाला. हीटर कुणी बंद केला ते कळलंही नाही.

"म्हणजे माझी बानित्सा तुझ्या विजेवर भाजतेय?" केरामावशीने विचारलं.

"हो, मावशी."

"आणि हे तुला तासभर माहीत होतं? फ्यूज तुझ्या हाताशी होता? आणि तू तो काढला नाहीस? वुल्चोसाठी?"

ल्युबेन शिडी घ्यायला अंगणाकडे वळला.

केरामावशीने छातीवर क्रुसाची खूण केली. "दिव्याचं सोडा, अरे! खरा चमत्कार तर आत्ता झाला."

ल्युबेन छतावर चढला. खाली वुल्चोने शिडी धरली, आणि नऊ वर्षं साठलेलं बोलणं त्याने तिथूनच सुरू केलं.

"डावीकडे! डावीकडे आधी! बस चालवायचास का झोपायचास?"

"दादा, तू शिडी धर."

"धरलीये! वीस पावलांवर असतो तर धरता आली असती का?"

बर्फाची एक मोठी लादी घसरली आणि थेट वुल्चोच्या डोक्यावर फुटली. खाली जमलेले एकतीसही जण श्वास रोखून बघत राहिले. वुल्चोने डोळ्यांवरचा बर्फ पुसला आणि म्हणाला, "वेळेवर आली." मग तो जो हसायला लागला, तो शिडी हलायला लागेपर्यंत.

साडेबाराला ऊन पडलं. काळी पॅनेल ओली, चकचकीत होऊन उन्हात तळपायला लागली. आकडा एकतीसवर आला होता. तो तिथे थांबला, थोडा वेळ विचारात पडल्यासारखा राहिला, आणि बत्तीस झाला. गावकऱ्यांनी तेहतिसाला टाळ्या वाजवल्या. मग सर्वांनी उभ्या उभ्या बानित्सा खाल्ली. रात्रीपासून पहाटेपर्यंत त्सोन्काच्या पेटीत एक्क्याऐंशी पिल्लं फुटली, आणि त्या बाईने एकेका पिल्लाला पाचव्या फ्यूजची गोष्ट सांगितली असं म्हणतात.

दोन दिवसांनी ओग्न्यानचा फोन आला. झालेली चूक कळल्यामुळे तो शरमला होता. "उद्याच येतो आणि ती वायर वेगळी करून देतो. आणखी एक सांगायचं राहिलं होतं. तुमच्या विहिरीच्या पंपाची वायर भिंतीपलीकडे जाताना मी तेव्हा पाहिली होती. पंप तुमच्या भावाच्या बोर्डावर असणार."

"घाई करू नकोस," ल्युबेन म्हणाला. "रस्ता खराब आहे."

"रस्ता तर कालच मोकळा झाला ना?"

"मी या घाटात चाळीस वर्षं बस चालवलीये. मी म्हणतोय ना, खराब आहे."

त्या दुपारी वुल्चो पहिल्यांदा ते खोकं बघायला आला. कोठीत लोणच्याच्या बरण्यांमध्ये भिंतीवर ते टांगलेलं होतं. त्यावर एक छोटा हिरवा ठिपका होता आणि आतून बारीक गुणगुण येत होती.

"यात ऊन आहे?" वुल्चोने विचारलं.

"यात नाही. खाली ती बॅटरी आहे ना, तिच्यात साठतं."

"म्हणजे परवा सकाळी, ढग होते, बर्फ होता, तेव्हा दिवा कशावर जळत होता?"

"आदल्या दिवसाच्या उन्हावर."

वुल्चोने हिरव्या ठिपक्याला बोट लावून पाहिलं. "आदल्या दिवशी मी अंगणात बसलो होतो. ऊन छान होतं. मला वाटलं, गेलं ते." चर्चमध्ये शिरताना काढायचा तशी त्याने टोपी काढून हातात घेतली. "आणि तू याला यंत्र म्हणतोस."

"यंत्रच आहे, दादा. मी माहितीपत्रक वाचलंय."

"टोपी काढ."

ल्युबेनने भावाकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. मग त्याने टोपी काढली.

जेवायला हाक मारायला त्सोन्का आली, तेव्हा दोघे भाऊ बरण्यांच्या मधोमध, टोप्या पोटाशी धरून, हिरव्या ठिपक्यापुढे गप्प उभे होते. ती काहीतरी बोलणार होती. पण तिने ओले हात एप्रनला पुसले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि तीही त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. घेवड्याचं सूप तळाला लागल्याचा वास यायला लागला, तरी तिघांपैकी कुणीही हललं नाही.